डाव्या हाताची फळी

कोरलच्या उजव्या हाताने संप पुकारला त्याला अकरा आठवडे झाले होते आणि या अकरा आठवड्यांत तिच्या नवऱ्याने, नेव्हिल ड्वायरने, इस्पितळाची एकही फेरी चुकवली नव्हती. जायचे पंचावन्न किलोमीटर, यायचे पंचावन्न. सकाळी कोंबड्यांना दाणे टाकायचे, धरलेली कंबर तशीच गाडीत घालायची, दुपारभर तिच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून पेंगायचं आणि घरी येऊन कुणीतरी आणून दिलेलं काहीतरी गरम करून उभ्याउभ्या खायचं. गाव चांगलं होतं, त्याबद्दल वाद नाही. लझान्या खाऊ घालून घालून गावाने त्याला जेरीस आणलं होतं. दुसऱ्यांची नऊ भांडी धुऊन ओट्यावर उपडी पडली होती आणि त्यातलं कुठलं कुणाचं हे त्याला काही केल्या आठवत नव्हतं. त्र्याहत्तराव्या वर्षी दमायला होतंच म्हणा, पण हे दमणं झोपून जाणारं नव्हतं. तो सकाळी उठायचा तोच दमलेला.

अर्धांगाच्या झटक्याने कोरलचा हात नेला आणि जाता जाता शब्दांचे कप्पेही उलटेपालटे करून टाकले. किटलीला ती 'घोडा' म्हणायची. रात्रपाळीच्या नर्सचं नाव तिने 'गुरुवार' ठेवलं होतं आणि नर्सने ते हसत हसत चालवून घेतलं होतं. सुरुवातीच्या आठवड्यांत तर 'हो' आणि 'नाही' यांचीही अदलाबदल व्हायची. त्यामुळे वॉर्डात सगळ्यांना एक सवय लागली होती. कोरल काय म्हणते ते ऐकायचं, मग तिच्या चेहऱ्याकडे बघायचं आणि तिला काय म्हणायचं असेल ते आपणच ठरवून टाकायचं. शिव्या मात्र तिच्या तोंडून जिथल्या तिथे आणि अस्खलित यायच्या.

आजाऱ्यांना रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी ब्रॉन म्हणून एक बाई होती, पन्नाशीची, सरळ बोलणारी. तिने नेव्हिलला बाजूला घेऊन सांगितलं होतं की येत्या गुरुवारी दहा वाजता कोरलची परीक्षा. वॉर्डाच्या छोट्या स्वयंपाकघरात तिने एकटीने एक कप चहा आणि टोमॅटोचं सँडविच करून दाखवायचं. जमलं तर पुढच्या आठवड्यात घरी. नाही जमलं तर गावातल्या वृद्धाश्रमात एक पलंग रिकामा झालाय, तो शुक्रवारपर्यंत धरून ठेवलाय.

एका हाताने चिरणाऱ्यांसाठी वेगळी फळी असते. टोमॅटो हलू नये म्हणून तो रोवून ठेवायला खिळे, आणि लोणी लावताना पाव निसटू नये म्हणून एका कोपऱ्याला बोटभर उंचीची भिंत. ब्रॉनने तसली पांढरी प्लॅस्टिकची फळी आणून कोरलसमोर ठेवली. कोरलने ती बराच वेळ न्याहाळली, मग डाव्या हाताने ढकलून दिली आणि म्हणाली, "प्रेत." तिला कुठला शब्द हवा होता ते कुणालाच कळलं नाही. नेव्हिलला मात्र वाटलं, बरोबर बोलली की.

"ही राहू दे," तो ब्रॉनला म्हणाला. "मी करतो एक."

त्याने चव्वेचाळीस वर्षं लोकांची स्वयंपाकघरं बसवली होती. कायोगल गावापासून वर डोंगरापर्यंत अर्ध्या घरांत त्याच्या हातचे ओटे आणि कपाटं होती. स्वतःच्या घरात मात्र चमच्यांच्या खणाला गेली तीस वर्षं मूठ नव्हती आणि तो उघडायचा तर काट्याचं टोक घालून उघडावा लागे. आल्यागेल्याला कोरल तो खण हटकून उघडून दाखवायची. 'बाईसाहेबांचा नंबर अजून लागला नाही,' असं म्हणायची आणि पाहुणे हसायचे. नेव्हिलही हसायचा. पन्नास वर्षांत त्याने तिच्यासाठी हाताने केलेली एकही वस्तू नव्हती, ही गोष्ट गेल्या अकरा आठवड्यांत त्याला गाडी चालवताना बरेचदा आठवली होती.

लाकूड कापराच्या झाडाचं होतं. या मुलखात ते झाड तणासारखं माजतं. कौन्सिलची माणसं त्याला विष टोचून मारतात आणि उरलेले सगळे त्याला शिव्या घालत त्याच्याच सावलीत गाड्या लावतात. पण चिरायच्या फळीला त्याच्यासारखं लाकूड नाही. शेजारच्या केलच्या कुरणात असलं एक धूड चार वर्षांपूर्वी आडवं केलं होतं, त्याच्या फळ्या नेव्हिलने आपल्या शेडमध्ये, हवा खेळावी म्हणून अधेमधे काड्या घालून, रचून वाळत ठेवल्या होत्या. शनिवारी त्याने त्यातली एक उतरवली. वर धुळीची साय होती, पण रंधा दोनदा फिरला आणि आतून मधाच्या रंगाच्या, मध्येच तांबूस होणाऱ्या रेषा निघाल्या. सगळ्या शेडमध्ये वास कोंदला. लहानपणी आई छातीला चोळायची त्या मलमाचा तोच वास, आणि नेव्हिलला वाटलं की आपण इथेच भुशावर आडवं व्हावं आणि कुणीतरी आपल्यालाही चोळावं.

तसं कोण चोळणार होतं? त्याने फळी मापाने कापली, कडा मारल्या, दोन पट्ट्या काटकोनात जोडून कोपऱ्याची भिंत केली आणि गोंद लावून शिकंज्यात आवळली. रविवारी खालून भोकं पाडून गंज न चढणारे तीन खिळे वर काढले. सोमवारी पॉलिश पेपर. आधी खरखरीत, मग त्याहून बारीक, मग त्याहूनही बारीक. मग फळी ओल्या फडक्याने पुसायची, म्हणजे लाकडाची लव उभी राहते, ती वाळू द्यायची आणि पुन्हा घासायची. हे तीनदा. तरुण कारागीर एकदाच करतात आणि महिन्याभरात गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं.

घासताना डोकं मोकळं असतं आणि दमलेल्या माणसाचं डोकं मोकळं असणं बरं नव्हे. न्हाणीघरात दांडे बसवायचेत. पायरी काढून उतार करायचाय. ब्रॉनने त्याला शिकवलं होतं, कोरलच्या काखेत हात घालायचा नाही, कमरेच्या पट्ट्याला धरायचं, गुडघे आपले वाकवायचे. त्याचे गुडघे वाकायचे, सरळ व्हायला तयार नसायचे. अंघोळ, कपडे, संडास, रात्री तीनदा. आणि उद्या. आणि परवा. मुलगी जॅनिन पर्थला, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. ती फोनवर रोज रडायची आणि मग तिचं रडू आवरायचं कामही त्याच्याकडेच यायचं. सोमवारी दुपारी हात चालू असताना त्याच्या मनात आलं, कोरलला नाही जमलं तर? आणि त्या 'तर'पाशी त्याला जरा टेकायला मिळाल्यासारखं झालं. तो दचकला. मग त्याने पेपर बदलला आणि जोर लावून घासू लागला.

तेलासाठी तो औषधांच्या दुकानात गेला. फळीला खायचं तेल लावलं तर खवट होतं, म्हणून जुलाबाचं पातळ पॅराफिन वापरतात. काउंटरवरच्या बाईने त्याला आस्थेने सांगितलं की झोपताना दोन चमचे घ्या, जास्त नको, आणि घराबाहेर पडायचं असेल तर नकोच. नेव्हिलने मोठ्या दोन बाटल्या मागितल्या. बाई त्याच्याकडे बघतच राहिली. समजावून सांगायचंही त्राण त्याच्यात नव्हतं. त्याने 'बरं' म्हटलं आणि बाटल्या घेऊन बाहेर पडला.

मंगळवारी सकाळी त्याने तेलाचा पहिला हात दिला. तेल पडलं आणि रेषा भरभरून वर आल्या. चांगलं काम झालं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला काहीतरी चांगलं झाल्यासारखं वाटलं. तेवढ्यात कुंपणावरून केल आला, बायकोने दिलेला दहावा डबा घेऊन. केल निवृत्त खाटीक. फळ्यांशी त्याचा जन्म गेला होता, आणि तो डावखुरा होता. त्याने डबा ठेवला, फळीवरून अंगठा फिरवला, वाहवा केली. मग सुरी धरल्यासारखा डावा हात करून हवेत लोणी फासलं, एकदा, दोनदा, आणि थांबला.

"नेव्ह," तो म्हणाला, "कोरलचा कुठला हात चालतो?"

"डावा."

"मग ही उजव्याची झाली की रे. डाव्या हाताने लोणी लावताना पाव उजवीकडं सरकतो. तुझी भिंत डावीकडं आहे. खिळेही उलटे." केल हसला. "आयुष्यभर गावच्या बायकांना पहिला प्रश्न काय विचारायचास? ताई, तुमचा हात कुठला? आणि घरच्या बाईला विसरलास. घे, जेव काहीतरी. दमलायस तू लेका."

नेव्हिलने फळीकडे पाहिलं. खरंच होतं. ओट्यापाशी उभा राहून, स्वतःचा उजवा हात हलवून त्याने माप घेतलं होतं. चव्वेचाळीस वर्षांत ही चूक त्याने एकदाही केली नव्हती.

"बदलशील ना?" केलने जाताना विचारलं.

"आता तेल लागलंय. गोंद धरायचा नाही."

हे खरंच आहे. तेल प्यालेल्या लाकडावर गोंद चिकटत नाही, कुणाही सुताराला विचारा. पण मागे काड्यांवर तसल्याच पाच फळ्या पडून होत्या आणि गुरुवार उजाडायला दोन दिवस होते. नेव्हिलने त्या फळ्यांकडे पाठ केली. मंगळवारी संध्याकाळी त्याने तेलाचा दुसरा हात दिला, बुधवारी तिसरा, आणि वरून मेण चोळून फळी अशी गुळगुळीत केली की पाहणाऱ्याने हात फिरवतच राहावं. 'जमवून घेईल ती,' असं तो स्वतःशी म्हणत होता. स्वतःशी बोलताना माणूस किती गोड बोलतो.

गुरुवारी दहा वाजता कोरल चार पायांची काठी टेकत वॉर्डाच्या स्वयंपाकघरात आली. केस विंचरलेले होते, ओठांना रंग लावलेला होता, तोही थोडा डावीकडे जास्त. नेव्हिलने कागदातून फळी काढून तिच्यासमोर ठेवली. आधी तिने डाव्या हाताचा तळवा फळीवर ठेवला, मग वाकून वास घेतला आणि तसाच हात ठेवून उभी राहिली. ब्रॉनसुद्धा हातातला कागद विसरून पाहत होती. नेव्हिलला कोरलकडे बघवेना.

"खणाची मूठ?" कोरलने विचारलं. शब्द अगदी नेमके आले. ब्रॉनला काही कळलं नाही. नेव्हिल म्हणाला, तीही बसवतो.

चहा तिने केला. किटली अर्धीच भरून, ओट्याला पोट टेकवून, कप सरकवत सरकवत नेऊन. टोमॅटो खिळ्यांवर रोवला. खिळे अडचणीच्या बाजूला होते, त्यामुळे तिचं कोपर वेडंवाकडं वळत होतं, पण जाड जाड का होईना, चकत्या पडल्या. मग पाव. तिने पाव फळीवर ठेवला, सुरीने लोण्याचा गोळा घेतला आणि फासला. पाव उजवीकडे घसरत गेला आणि ओट्यावर पडला. तिने उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा तो जमिनीवर, लोणी खाली. कोरलच्या कपाळावर घाम आला होता.

"नेव्हिल, ही भिंत डाव्या बाजूला का घेतलीत?" ब्रॉनने विचारलं. रागाने नाही, सहज.

आणि नेव्हिल म्हणाला, "मी विचारलं होतं तिला. तीच डावीकडं म्हणाली."

ब्रॉनने समजुतीने मान हलवली. असं होतं, ती म्हणाली, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. कोरलचे शब्द चुकतात हे सगळ्या वॉर्डाला ठाऊक होतं. त्या ढिगात अजून एक चुकलेला शब्द सहज खपून गेला. कोरलने सुरी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर त्याला सोसलं असतं. ती त्याच्याकडे पाहत राहिली, त्याच्या दाढी राहिलेल्या गालाकडे, खाली आलेल्या खांद्यांकडे, ओट्याची कड धरून ठेवलेल्या हातांकडे. मग तिने फळीचा कोपरा धरला आणि फळी गरकन अर्धी फिरवली.

आता भिंत उजवीकडे आली. समोर असायची ती तिच्या पोटाशी आली, पण उजवीकडे आली. नवा पाव कोपऱ्यात बसवून तिने सुरी पलीकडून स्वतःकडे ओढली. पाव हलला नाही. चुकलेलं काम कसं सरळ करायचं हे जन्मभर सुतारकाम केलेल्या माणसाला दोन दिवसांत सुचलं नव्हतं, कारण त्याला ते सुचायला नको होतं. कोरलने सावकाश लोणी लावलं, चकत्या मांडल्या, वर दुसरा पाव ठेवला, दाबला आणि तिरका कापला.

ब्रॉन खूश झाली. टाळी वाजवायची तेवढी बाकी ठेवली. "झालं की, कोरल. पुढच्या बुधवारी तुम्ही घरी."

"नाही," कोरल म्हणाली.

ब्रॉन हसली. "हो म्हणायचंय ना? आनंद झाला की शब्द जास्त घसरतात," असं नेव्हिलला सांगत तिने कागदावर खूण केली.

"नाही," कोरल पुन्हा म्हणाली. या वेळी तिने ब्रॉनच्या तोंडाकडे पाहून म्हटलं. ब्रॉनने तिच्या खांद्यावर थोपटलं.

नेव्हिलला कळलं होतं. पहिल्याच 'नाही'ला कळलं होतं. तो गप्प बसला असता तर त्याला कुणी बोल लावला नसता. बायकोला घरी नेणारा भला नवरा, असंच म्हणाले असते. बोलला तर? बायको परीक्षेत पास झाल्यावरही तिला वृद्धाश्रमात टाकू पाहणारा नवरा. जॅनिनला फोनवर काय सांगायचं? केलला काय सांगायचं? आणि तिचा शब्द धरण्यासारखा नाही, हे पाचच मिनिटांपूर्वी आपणच तर सगळ्यांना पटवून दिलंय.

"ब्रॉन," तो म्हणाला, "ती नाहीच म्हणतेय."

"नेव्हिल, तुम्ही दमलायत. हे साहजिक आहे. घरी मदत मिळते, आपण अर्ज..."

"दमलोय. ते खरंय. पण मघाशी ती डावीकडं म्हणाली नव्हती. मी तिला विचारलंच नव्हतं." "फळी उलटी झालीय हे मला मंगळवारपासून माहीत होतं. तिला जमू नये असं वाटत होतं मला. तिच्या बोलण्यात गोंधळ नाहीये. मी खोटं बोललो."

ब्रॉनने पेन खाली ठेवलं. नेव्हिलकडे तिने पाहिलंही नाही. मग खुर्ची ओढून ती कोरलच्या समोर बसली आणि पहिल्यांदाच तिने नुसतं विचारलं आणि थांबली. घरी जायचंय? नाही. गावातल्या वृद्धाश्रमात? कोरल शब्द शोधत राहिली. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. "तिकडं," ती म्हणाली.

"का, ते सांगाल?"

कोरलने सुरीचं टोक नेव्हिलकडे केलं. "त्याची आई," ती म्हणाली. "नऊ वर्षं."

नेव्हिलची आई त्यांच्या मागच्या खोलीत नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिला कुशीवर वळवायचं, धुवायचं, भरवायचं, सगळं कोरलने केलं. नेव्हिल सकाळी कामावर जायचा आणि संध्याकाळी येऊन दारातून विचारायचा, 'काय म्हणतेय आई?' ठीक आहे, असं कोरल सांगायची. त्या नऊ वर्षांत कोरल स्वतः कशी आहे, हे त्याने कधी विचारलं नव्हतं, आणि इतकी वर्षं झाली तरी हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"त्याला," कोरल म्हणाली आणि सुरी ठेवून दोन बोटं वर केली, "दोन महिने." घरी त्याची ताकद तेवढीच पुरेल, एवढा हिशोब करून ती थांबली.

कागद बदलायला ब्रॉन बाहेर गेली. नेव्हिलच्या अंगातून एकदम हुश्श निघालं. हातापायातलं ओझं गेलं, आणि त्या हलकेपणाची त्याला अशी लाज वाटली की त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि तो रडला. अकरा आठवड्यांत रडायलाही त्याला सवड झाली नव्हती. माफ कर, असं तो दोनदा म्हणाला. माफ केलं असं कोरल म्हणाली नाही. तिला राग आला होता आणि तो राग तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

"खा," ती म्हणाली आणि सँडविचचा अर्धा भाग तिने त्याच्याकडे सरकवला. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. त्याने खाल्लं. मीठ राहिलं होतं. तो खात होता तोवर तिने ओलं फडकं घेऊन फळी पुसली, एका हाताने, कोपऱ्याकोपऱ्यात बोट घालून, आणि मग फळी डाव्या काखेत मारली. काठी धरायला आता हात उरला नाही. नेव्हिलने फळी घ्यायला हात पुढे केला. तिने दिली नाही.

"तिथं तुला ओटा नाही गं मिळायचा," तो म्हणाला. "सगळं आयतं येतं तिथं."

"टेबल असेल," कोरल म्हणाली. "रोज ये. बारा वाजता. मी..." शब्द सापडला नाही, तिने हनुवटीने उरलेल्या सँडविचकडे खूण केली.

"बाराच ना?" नेव्हिलने विचारलं. "का दोन म्हणायचंय?"

विचारल्याबरोबर त्याला कळलं आपण काय केलं ते. कोरल फळी काखेत धरून त्याच्याकडे बघत उभी होती.

"बारा," तो म्हणाला.